टेलरबाईंची टिचबटणं

टेलरबाईंना चिडायला कधी कारण लागलं नाही, पण त्या सकाळी कारण होतं. दोरे कापायची छोटी कात्री पुन्हा जागेवर नव्हती.

शिलाई मशीनच्या डाव्या बाजूला भिंतीत एक खिळा होता. दुकान थाटलं तेव्हा टेलरबाईंनी तो स्वतःच्या हातानं ठोकला होता आणि तेव्हापासून छोटी कात्री त्यालाच लटकत आली होती. भिंतींचे रंग बदलले, पायाचं मशीन जाऊन विजेचं आलं, समोरच्या बेकरीचे मालक बदलले. कात्रीची जागा काही बदलली नव्हती. आणि आता काही महिने ही कात्री पाय फुटल्यासारखी हिंडत होती. कधी उजवीकडे सुयांच्या डबीवर, कधी बटणांच्या बरणीच्या झाकणावर, कधी चक्क हातातल्या कापडाला खेटून. टेलरबाई तिला शोधायच्या, सात पिढ्यांचा उद्धार करायच्या आणि परत खिळ्याला लटकवायच्या. पुन्हा बघावं तर खिळा मोकळा.

"अहो, कात्री कुठंय?"

मागच्या बाजूला इस्त्रीच्या टेबलाशी त्यांचे यजमान उभे होते. गल्ली त्यांना इस्त्रीकाका म्हणायची. हातातल्या पँटची घडी मोडू नये म्हणून त्यांनी मान वर केली नाही.

"असेल तिथंच," ते म्हणाले.

"तिथंच म्हणजे कुठं? तिथं असती तर तुम्हाला विचारायला मला काय हौस आलीय? या दुकानात भूत आहे का?"

इस्त्रीनं वाफ सोडली. टेलरबाई आणखीही बोलल्या असत्या, पण खालच्या हिरडीत डावीकडे अशी कळ आली की त्या गाल धरून खाली बसल्या. आज दवाखान्यात जायचं होतं. पुन्हा. त्या कवळीपायी नाकी नऊ आले होते, आणि वर ही कात्री. आणि या दोन्हींच्या मागे एक भीती होती, जी त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. आपण कात्री स्वतःच कुठंतरी ठेवतो आणि विसरतो, असं तर नाही ना? त्यांची आई शेवटी शेवटी चष्मा पिठाच्या डब्यात ठेवायची. डोळ्यांसमोर तो चष्मा आला की टेलरबाई आणखी मोठ्यानं ओरडायच्या.

गल्लीतलं जे जे उसवलेलं, फाटलेलं, आखूड किंवा सैल झालेलं, ते नीट करणारं माणूस म्हणजे टेलरबाई. नवे कपडे त्या शिवत नसत. "नवं काय, कुणीही शिवतं. जुनं अंगाला बसवून दाखवा," असं त्यांचं म्हणणं. कोटाचं अस्तर, पँटची चेन, कुणाच्या गेलेल्या बापाचा शर्ट मुलाच्या मापाचा करणं, अशी सगळी कामं त्यांच्याकडे. हात जसा चाले तसं तोंड. तोंडाचा पट्टा सुटला की गिऱ्हाईक उभ्या उभ्या उसवलं जाई. "पोट तुमचं सुटलं आणि दोष चेनला देताय होय?" "हा कोट तुम्ही घातलात की कोटानं तुम्हाला?" लोक हसायचे, वरमायचे आणि पुढच्या वेळी परत तिथंच यायचे. काही तर मला वाटतं बोलणी खायलाच यायचे, कापड हे निमित्त.

इस्त्रीकाका मात्र दिवसभरात चार शब्द बोलले तर पाचवा उद्यासाठी ठेवणारे. टेलरबाई दोघांच्याही वाटचं बोलत असल्यामुळे संसाराचं काही अडलं नाही. त्या ओरडत, ते इस्त्री फिरवत. ओरडणं थांबलं की जेवायची वेळ झाली हे त्यांना कळायचं.

मग दात गेले. हिरड्यांचं दुखणं घराण्यातच होतं. एकेक दात हलला, दुखला, निघाला. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे मिळायला लागले तर दात नाहीत, ही म्हण टेलरबाई स्वतःवरच म्हणून दाखवायच्या. वरखाली कवळ्या आल्या. वरचीनं टाळू धरला आणि मुकाट्यानं राहिली. खालची मात्र ओल्या फरशीवरच्या साबणासारखी. जीभ हलली की ती हलायची, आणि टेलरबाईंची जीभ तर हलायलाच जन्माला आलेली.

एकदा एका सभ्य गृहस्थांना त्या बाह्यांच्या लांबीवरून झापत होत्या. ऐन भरात खालची कवळी उसळली, ओठांबाहेर पडली आणि काउंटरवरच्या बटणांच्या ताटलीत जाऊन बसली. ते गृहस्थ हसले असते तर टेलरबाईंनी त्यांना सोलून काढलं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, कवळी हलकेच उचलून टेलरबाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "होतं असं. माझ्या आईचंही व्हायचं." त्या दयेनं टेलरबाईंचा जीव गेला.

त्या दिवसापासून बोलणं आटलं. हो, नाही, परवा या. त्यापुढे शब्द नाही. दातओठ खावेत तर दात नव्हते, आणि मूग गिळून बसायचं म्हटलं तरी ते आधी मऊ शिजवून घ्यावे लागत. गिऱ्हाइकांना वाटलं बाई वयानं निवळल्या. जी माणसं पूर्वी दबून असायची ती काउंटरवर कोपर टेकून घाई करू लागली, झालेलं काम पुन्हा उसवायला सांगू लागली, आणि टेलरबाई ओठ मिटून उसवू लागल्या. दुकानात मशीनची घरघर आणि इस्त्रीची वाफ, दुसरा आवाज उरला नाही. मध्येच इस्त्रीकाकांनी एक छोटा रेडिओ आणून फळीवर ठेवला. थोडे दिवस वाजवला. मग बंद केला, आणि तो तिथंच धूळ खात राहिला. अशी काही वर्षं गेली.

शेवटी लेकीनं हट्ट धरला. ती दूर राहायची आणि फोनवर आईचं नुसतं हूं-हूं ऐकून रडकुंडीला आली होती. तिनंच डॉक्टर शोधून काढली. एक तरुण डॉक्टरीणबाई, बोलायला गोड, हाताला हलकी. त्यांनी टेलरबाईंच्या खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन खुंट बसवले. त्या इम्प्लांट म्हणत, टेलरबाई खुंटच म्हणत. हाडानं खुंट धरेपर्यंत महिने गेले. मग खुंटांवर धातूच्या दोन बुटक्या गुंड्या चढल्या. डॉक्टरीणबाईंनी कवळीच्या आतून दोन खड्डे कोरले, त्यात धातूच्या इवल्या वाट्या आणि वाट्यांत नायलॉनच्या गुलाबी चकत्या बसवून दाखवल्या, आणि हातात नमुन्याचा जबडा घेऊन समजवायला सुरुवात केली. "मावशी, बघा, हा जो भाग आहे ना, तो या भागात असा..."

"टिचबटण," टेलरबाई म्हणाल्या.

"काय?"

"अहो, टिचबटण आहे हे. एक अंग जबड्यात, दुसरं कवळीत. दाबलं की टिच. उगाच एवढं सांगताय."

डॉक्टरीणबाई खूप हसल्या. मग त्यांनी वाट्या खुंटांवर ठेवल्या, कोरलेल्या खड्ड्यांत गुलाबी लुकण भरलं, कवळी तोंडात बसवली आणि ते घट्ट होईपर्यंत दात अलगद मिटून, न हलता, न बोलता बसायला सांगितलं. टेलरबाई मुठी आवळून बसल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत इस्त्रीकाका मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. सगळं झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघांना बजावलं. कवळी दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवायची, टक् असा आवाज आला पाहिजे. चावून बसवायची नाही. रात्री काढून ठेवायची. आणि पुढच्या दातांनी काही धरून ओढायचं, तोडायचं नाही. टेलरबाई मान डोलवत होत्या, लक्ष मात्र आरशात होतं. ऐकत होते ते इस्त्रीकाका.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर कोपर टेकणारा पहिला माणूस आला. टेलरबाईंनी वर्षांचं साठलेलं त्याच्यावर रिकामं केलं. कवळी तसूभर हलली नाही. शेजारचा किल्लीवाला दारात येऊन ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "बाई परत आल्या."

कात्री हिंडायला लागली ती याच सुमारास. पण तेव्हा टेलरबाईंना त्याचं एवढं काही वाटलं नाही.

सुख फार टिकलं नाही. कवळी सैल पडली. पहिल्यांदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं, चकत्या झिजतात. गुलाबी काढून नव्या गुलाबी घातल्या. पण चकतीनं निदान वर्ष काढायला हवं होतं, आणि हिनं ऋतूही काढला नव्हता. त्याही लवकरच गेल्या. दुसऱ्यांदा त्यांनी पांढऱ्या घातल्या, त्या जास्त घट्ट. रंगीत कागद चावायला देऊन दात कुठं आधी टेकतात ते तपासलं, एक दात घासून कमी केला, आणि झिजलेली चकती चिमट्यात धरून उजेडात फिरवली.

"मावशी, ही एकाच अंगानं झिजलीय. पुढच्या दातांनी काही ओढता का तुम्ही? नखं? पाकिटं?"

"छे."

"दोरा? शिवताना?"

टेलरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दोरा? मी? अहो, दातानं दोरा तोडणाऱ्या पोरींना मी दुकानात उभं केलं नाही कधी. कात्री आहे की आमच्याकडे!"

त्या अगदी खरं बोलत होत्या. म्हणजे, त्यांच्या समजुतीप्रमाणे.

डॉक्टरीणबाईंनी चकती बाजूला ठेवली. मग त्यांनी एक्स-रे दाखवला. डाव्या खुंटाभोवतीचं हाड थोडं उतरलं होतं. कवळी डोलते, तिचा हिसका खुंटाला बसतो. हे असंच चाललं तर खुंट हलायला लागेल, आणि मग तो काढावा लागेल. "आणि तुमच्या जबड्यात दुसरा बसवण्याइतकं हाड नाही, मावशी. मग पुन्हा ती जुनीच कवळी."

पुन्हा ती जुनीच कवळी. पुन्हा हो, नाही, परवा या. टेलरबाई त्या दिवशी इस्त्रीकाकांना न घेता गेल्या होत्या. घरापर्यंतच्या वाटेवर त्यांनी ओठ मिटलेले ठेवले, जणू आतापासूनच सवय. दुकानात आल्यावर मात्र फुटल्या.

"विचारते कशी, दातानं दोरा तोडता का! मला! हात हिचा चुकतो आणि बिल माझ्या दातांवर फाडते!"

इस्त्रीकाकांनी कॉलरवर पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी कात्री सापडली ती टेलरबाईंच्या उजव्या मनगटाखाली, सुयांच्या उशीत खोचलेली. त्यांनी ती उपटली आणि खिळ्यावर आपटली.

कवळी तिसऱ्यांदा सैल झाली तेव्हा टेलरबाईंना दवाखान्यात जायचा धीरच होईना. डॉक्टरीणबाई एक्स-रे काढणार, आणि त्यात काय दिसणार कोण जाणे. मग त्यांनी तेच केलं जे टेलर करतो. टिचबटण सैल झालं तर त्याच्या वाटीत दोऱ्याचा बारीकसा पीळ बसवायचा. बटण पुन्हा घट्ट. आयुष्यभर त्यांनी फ्रॉकांना आणि ब्लाउजांना हा इलाज केला होता. आता कवळी उलटी धरून सुईच्या टोकानं दोन्ही वाट्यांत रेशमी दोऱ्याचे पीळ दाबून बसवले, कवळी तोंडात घातली आणि दाबली.

घट्ट बसली. इतकी घट्ट की संध्याकाळी निघेना. टेलरबाईंनी अंगठे लावले, चमच्याची दांडी लावली, मोरीत वाकून, आरशापुढे उभं राहून ओढलं. इस्त्रीकाका "मी बघू का?" म्हणाले तर त्यांच्यावर खेकसल्या. शेवटी एकदाची निघाली ती डाव्या हिरडीला सोलून. सकाळी गाल टम्म. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

तर अशी ती सकाळ. गालावर हात, कात्री गायब, आणि दवाखाना. या खेपेला इस्त्रीकाका विचारल्याशिवाय पिशवी घेऊन बरोबर निघाले.

डॉक्टरीणबाईंनी वाटीतून दोऱ्याचा पीळ चिमट्यानं ओढून काढला. जांभळा होता. त्यांनी तो टिपकागदावर ठेवला.

"मावशी, हे काय?"

"सैल झालं होतं. घट्ट केलं."

"हे फ्रॉकचं बटण आहे का?" त्यांचा गोड आवाज पहिल्यांदाच चढला. "मी काय काय करून पाहिलं! चावा तपासला, वाट्या तपासल्या, रात्री घरी जाऊन पुस्तकं काढून बसते की माझंच कुठं चुकतंय. आणि तुम्ही मला न सांगता दोरा कोंबता?"

"तुमच्यानं होईना म्हणून कोंबला!" टेलरबाईही तडकल्या. "टिच झिजतं, बदलता, पुन्हा झिजतं. आमच्या धंद्यात असं काम केलं असतं तर लोकांनी जोडे मारले असते!"

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि टेलरबाईंना स्वतःचा फार राग आला. पण तो मान्य करतील तर त्या टेलरबाई कसल्या. मुकाट्यानं हिरडी धुऊन घेतली, औषध लावून घेतलं. नव्या चकत्या बसल्या. कवळी तोंडात गेली, टक्. पुन्हा एक्स-रे झाला. डॉक्टरीणबाई तो बघून आल्या आणि डावा खुंट तपासायला टेलरबाईंच्या तोंडावर वाकल्या, तेव्हा त्यांच्या पांढऱ्या कोटाचं मधलं बटण एका धाग्यावर झुलत टेलरबाईंच्या नाकासमोर आलं.

"हे पडणार," टेलरबाई म्हणाल्या.

"राहू द्या, मावशी. तोंड उघडा."

"राहू कसं देऊ? तुम्ही माझं तोंड दुरुस्त करणार आणि मी लटकलेलं बटण बघत बसू? उभ्या राहा नीट."

माफी मागायची त्यांची हीच एक रीत होती. गळ्याजवळ कापडात त्यांची सुई कायम ओवलेली असायची. ती त्यांनी काढली. खुर्चीत बसल्या बसल्याच चार टाके घातले, बटणाच्या मानेला दोरा गुंडाळला, मागून गाठ मारली. डॉक्टरीणबाई श्वास धरून उभ्या होत्या. मग टेलरबाई पुढे वाकल्या, दोरा पुढच्या दातांत धरला, मानेला बारीक हिसका दिला आणि तोडला. कवळी मागून उचलली गेली. त्यांनी लगेच वरच्या दातांनी दाबून ती जागेवर बसवली. टक्. आणि सुई परत गळ्याशी खोचली.

डॉक्टरीणबाई हलल्याच नाहीत.

"मावशी, आत्ता काय केलंत?"

"बटण लावलं. कोट फाटेल, पण हे निघणार नाही."

"त्यानंतर?"

"त्यानंतर काय? दोरा तोडला."

"कशानं?"

"कशानं म्हणजे? कात्री..." म्हणत टेलरबाईंचा डावा हात बाजूला गेला. जिथं दुकानात खिळा असतो तिथं. हाताला लागला चूळ भरायचा पेला.

त्यांनी हात मागे घेतला. जिभेवर दोऱ्याची ओली चव होती. कसली चव आहे ही? आणि मग त्यांना उमगलं की ही चव ओळखीची आहे, इतकी ओळखीची की ती कधी जाणवलीच नव्हती. जित्याची खोड म्हणतात ती काय असते, हे त्यांना त्या खुर्चीत कळलं.

"आणि ही कुठून आली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

खुर्चीच्या उजव्या हातावर, टेलरबाईंच्या बोटांपासून वीतभर अंतरावर, एक छोटी कात्री ठेवलेली होती. मुठीवर निळा दोरा गुंडाळलेली. त्यांचीच. सकाळपासून हरवलेली.

टेलरबाईंनी सावकाश मान वळवली. इस्त्रीकाका आता कोपऱ्यात नव्हते. खुर्चीमागे उभे होते, पिशवी पोटाशी धरून.

"तू सुई काढलीस तेव्हा पिशवीतून काढून ठेवली," ते म्हणाले.

"आणि दुकानात?"

त्यांनी मान डोलावली.

"दुकानातही तुम्हीच? इतके महिने?"

"दोरा ओढल्यावर तुझा हात जिथं थांबतो तिथं ठेवत होतो. म्हटलं, हाताला लागली तर उचलशील. तू पुन्हा डावीकडं नेऊन लावायचीस. मग ती लांबच."

"अहो, मला वाटलं मला विसरायला होतंय!" टेलरबाई अशा ओरडल्या की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. "आईसारखं! रात्र रात्र झोप नाही मला, आणि तुम्ही कात्र्या हलवताय? तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"लग्न झालं त्या वर्षी. म्हटलं होतं, दातानं दोरा तोडू नकोस."

"मग?"

"तू कात्री फेकलीस."

"काकांवर?" डॉक्टरीणबाईंनी घाबरून विचारलं.

"भिंतीवर," इस्त्रीकाका म्हणाले.

"नेम चुकला होता," टेलरबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला, पण हसू आवरलं नाही. मग त्या गंभीर झाल्या. कवळी काढून त्यांनी डाव्या खुंटावर बोट ठेवलं, चिमट्याच्या मुठीनं हलकेच ठोकलं, पुन्हा ठोकलं. टेलरबाई छताकडे बघत होत्या आणि उजव्या हातानं त्यांनी कात्री गच्च धरली होती.

"हललेला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून नाही. पण मावशी, आता एकही दोरा नाही. ही सवय गेली नाही तर खुंट जाईल, आणि मग माझ्या हातात काही नाही."

परतीच्या वाटेवर टेलरबाईंचं तोंड क्षणभर थांबलं नाही. सगळ्या गल्लीनं ऐकलं. मुक्या माणसाशी संसार म्हणजे काय असतं. ती पोर रात्री जागून पुस्तकं वाचत होती, तिच्यापाशी तरी बोलायला काय झालं होतं. खुंट हलला असता तर काय केलं असतं, कात्रीनं परत बसवणार होतात का? इस्त्रीकाका अर्धं पाऊल मागे चालत ऐकत होते. बेकरीसमोर टेलरबाई एकदम थांबल्या आणि वळल्या.

"बोला की आता! का नाही सांगितलंत?"

इस्त्रीकाकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तू चिडलीस की आणखी जोरात ओढून तोडतेस," ते म्हणाले. मग बेकरीतल्या पावांकडे बघत पुढे म्हणाले, "आणि तू गप्प होतीस ना, ती वर्षं. मी रेडिओ आणला होता. पण त्याला ते जमलं नाही."

टेलरबाईंची कवळी घट्ट होती, जीभ जागेवर होती, आणि तरी त्यांना शब्द सापडला नाही. त्यांना रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. "चला," त्या म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला कोटाची ट्रायल द्यायचीय."

दुकान उघडल्यावर त्यांनी पक्कड घेतली आणि डावीकडचा जुना खिळा उपटला. तो वाकला होता. फरशीवर ठोकून सरळ केला आणि इस्त्रीकाकांपुढे धरला.

"इकडं ठोका. उजवीकडं. माझा हात जिथं थांबतो तिथं, तुम्हालाच माहीत. आणि आता ही कात्री कुणी हलवली तर याद राखा. मी चुकले तर तोंडानं सांगायचं. समजलं?"

इस्त्रीकाकांनी खिळा ठोकला, टेलरबाईंनी कात्री लटकवली आणि कोट मांडीवर घेतला. अस्तराची कड संपली, दोऱ्याची गाठ बसली, दोरा ओठांपर्यंत गेला.

"अगं," मागून आवाज आला.

टेलरबाई थांबल्या. "काय आहे?"

"काही नाही."

त्यांनी कात्री घेतली आणि दोरा कापला. दुसरी बाही. पुन्हा गाठ, पुन्हा हात वर.

"अगं."

"कळलं!"

खिशाची कड.

"अगं."

"बहिरी नाही मी! एकदा सांगितलेलं समजतं मला!"

"अगं, पण..."

"आता पण कसला? आयुष्यभर तोंडात गुळणी धरून बसलात आणि आज हे कुठून सुचलं?"

कोटाचा मालक दारात येऊन उभा राहिला होता. दुकानाच्या मागच्या भागातून कुणी बोलतंय हे त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. संध्याकाळपर्यंत इस्त्रीकाका दर दोऱ्याला बोलले आणि टेलरबाईंनी त्यांच्या दर शब्दावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. कवळी हलली नाही.